ओपीएल पुन्हा पुन्हा अडकतंय? पीएस-टूसाठी नवा पेनड्राइव्ह घेण्याआधी हे तपासा

नवा पेनड्राइव्ह लावला की ओपीएल, म्हणजे प्लेस्टेशन-टूवर डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून खेळ चालवणारा 'ओपन पीएस-टू लोडर' हा प्रोग्राम, छान चालतं. यादी दिसते, खेळ सुरू होतात, काही तक्रार नाही. मग एखादा संपलेला खेळ काढून दुसरा टाकला जातो, पुढच्या रविवारी आणखी एक. असं काही वेळा झालं की एक दिवस खेळ निवडल्यावर पांढरा किंवा काळा पडदा येतो आणि मशीन तिथेच थांबतं. कधी फाइल तुकड्यांत विखुरली आहे असा इंग्रजी संदेश येतो. मग माणूस पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली गाठतो, नवा पेनड्राइव्ह आणतो, त्यावर सगळं पुन्हा भरतो आणि ते चालतं. जुना पेनड्राइव्ह खराब झाला होता अशी त्याची खात्री पटते. महिन्या-दोन महिन्यांनी नव्याचंही तेच होतं.

कोथरूड-कर्वेनगर भागातले ओळखीचे लोक त्यांचे पीएस-टू माझ्याकडे दाखवायला आणतात आणि त्यातली बरीचशी तक्रार हीच असते. पेनड्राइव्हवर गेलेल्या पैशांपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचं वाईट वाटतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला लोक कंटाळतात, मशीनच गेलं असं ठरवतात आणि धडधाकट कन्सोल भंगारात देऊन टाकतात. हे मशीन आता कुणी नव्याने बनवत नाही. २०१३ साली उत्पादन बंद झालं, म्हणजे घरात आहे तेवढंच आपल्याकडे उरलं आहे.

त्यामुळे स्पष्टच लिहितो. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह खराब झालेला नसतो. पीएस-टूचा यूएसबी मार्ग अरुंद आहे आणि तो वाचण्याची पद्धत हट्टी आहे. त्या दोन्ही गोष्टी नव्या पेनड्राइव्हने बदलत नाहीत.

हे लिखाण आपल्या मालकीच्या डिस्कच्या प्रती वापरणाऱ्यांसाठी आहे. पुण्यात अनेकांकडे खऱ्या डिस्क आहेत, पण मशीनची लेन्स थकली आहे. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ती डिस्क घालून इमेजबर्न या प्रोग्रामने आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कची पूर्ण प्रत, बनवता येते. पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

खेळ बदलल्यावरच का अडकतं

पीएस-टूमध्ये दोन प्रोसेसर काम करतात. खेळ चालवणाऱ्या मुख्य प्रोसेसरला ३२ एमबी मेमरी आहे. यूएसबी, मेमरी कार्ड, डिस्क हे सगळं सांभाळणाऱ्या दुसऱ्या प्रोसेसरला फक्त २ एमबी. ओपीएल या दुसऱ्या प्रोसेसरच्या कोपऱ्यात बसून खेळाला भासवतं की डिस्क ट्रेमध्येच आहे. एवढ्या जागेत फाइलींचा पूर्ण नकाशा बाळगणं परवडत नाही. म्हणून जुन्या आवृत्त्या फाइल कुठे सुरू होते एवढंच टिपून ठेवतात आणि पुढचं सगळं सलग आहे असं धरून मोजत जातात.

पेनड्राइव्ह नवा असताना फाइली एकामागोमाग सलग लिहिल्या जातात, त्यामुळे हा हिशेब जुळतो. मधला दोन जीबीचा खेळ पुसला आणि चार जीबीचा टाकला, की नव्या फाइलचा अर्धा भाग त्या रिकाम्या जागेत आणि उरलेला शेवटी जाऊन बसतो. संगणकाला त्याचं काही वाटत नाही. ओपीएल मात्र पहिला तुकडा संपला की शेजारच्या दुसऱ्याच खेळाचा मजकूर वाचायला लागतं. खेळ तिथेच लटकतो. नव्या आवृत्त्या काही तुकडे सहन करतात, पण त्यालाही मर्यादा आहे. त्यामुळे आवृत्ती बदलली की प्रश्न कायमचा सुटतो असं समजू नका.

उपाय फुकट आहे. पेनड्राइव्हवरचं सगळं संगणकावर उतरवून घ्या, पेनड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करा आणि फाइली एकेक करून परत टाका. एक पूर्ण झाली की मगच दुसरी. चार फाइली एकत्र निवडून ओढल्या तर विंडोज त्या रांगेत घेतं, ते चालेल. पण एक कॉपी चालू असताना दुसऱ्या खिडकीतून दुसरी सुरू केली की दोन्हींचे तुकडे एकमेकांत मिसळतात. कुठली फाइल तुकड्यांत आहे हे आधी बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं कॉन्टिग नावाचं छोटं फुकट साधन आहे. ते प्रत्येक फाइलचे किती तुकडे झालेत ते सांगतं आणि जोडूनही देतं.

मॅकवरून कॉपी करणाऱ्यांना एक वेगळा त्रास होतो. मॅक प्रत्येक फाइलसोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल टाकतं. ओपीएलच्या यादीत एकच खेळ दोनदा दिसायला लागला आणि त्यातला एक चालतच नसला, तर तीच समजा. टर्मिनलमधून पुसून टाका.

यादीच रिकामी दिसत असेल तर

ही वेगळी तक्रार आहे आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत सुटते. पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ओपीएलला तो दिसणारच नाही. फॅट३२ सगळ्या आवृत्त्यांना चालतं. एक्सफॅट फक्त नव्या आवृत्त्यांना. फॅट३२मध्ये एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही आणि भरलेली डीव्हीडी ४.७ जीबीची असते. त्यामुळे मोठे खेळ यूएसबीयूटिल नावाच्या साधनाने तुकडे करून ठेवावे लागतात. नवं ओपीएल असेल तर सरळ एक्सफॅट करा आणि या कटकटीतून मोकळे व्हा. पार्टिशनची रचना एमबीआर ठेवा.

फोल्डर मुळाशीच हवेत, म्हणजे 'डीव्हीडी' आणि 'सीडी' या इंग्रजी मोठ्या अक्षरांतल्या नावांचे, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या आत नव्हेत. ज्या खेळाची मूळ डिस्क खालून निळी आहे तो सीडीत जातो, बाकीचे डीव्हीडीत. एवढं करूनही यादी रिकामी असेल तर ओपीएलच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी आपोआप सुरू होण्याचा पर्याय पाहा. नव्या आवृत्तीत तो बीडीएम या नावाखाली आहे. तो 'ऑटो' करून बदल जतन करायला विसरू नका. जतन न केल्यामुळे दर वेळी तीच रिकामी यादी बघणारे लोक मला भेटले आहेत.

चित्रफीत अडखळते, आवाज तुटतो

इथे पेनड्राइव्हवर पैसे घालणं पूर्ण वाया जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पीएस-टूचा यूएसबी १.१ जातीचा आहे. त्याची कागदावरची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे १.५ एमबी. प्रत्यक्षात हाताला सेकंदाला जेमतेम १ एमबी लागतं. याच मशीनचा स्वतःचा डीव्हीडी ड्राइव्ह ४ पट गतीचा आहे आणि तो सेकंदाला ५ एमबीपर्यंत देऊ शकतो. खेळ बनवणाऱ्यांनी चित्रफिती, आवाज, पुढचा परिसर हळूहळू मागवणं हे सगळं त्या ड्राइव्हच्या गतीवर बेतलं होतं. त्यामुळे दुकानात यूएसबी ३.२, १५० एमबी प्रति सेकंद असं छापलेलं पाकीट तुम्ही उचललंत तरी पीएस-टूच्या भोकातून ते सेकंदाला एक एमबीच येणार. रुंद नळ आणला म्हणून मुख्य जलवाहिनीचा दाब वाढत नाही.

हे सगळ्या खेळांना सारखं बाधत नाही. एकदाच सगळं वर चढवून मग खेळू देणारे क्रिकेटचे, मारामारीचे खेळ यूएसबीवर समाधानकारक चालतात, सुरू व्हायला वेळ घेतात इतकंच. मोठं शहर किंवा मोठं जंगल फिरवणारे आणि मधे मधे लांब चित्रफिती दाखवणारे खेळ अडखळतात. ते ओपीएलच्या कंपॅटिबिलिटी मोडने पूर्ण सुटत नाही. तो मोड वेगळ्या कारणासाठी आहे. तुमच्या घरी मुख्यतः पहिल्या जातीचे खेळ असतील तर यूएसबीवरच थांबा, पुढचं काही घेण्याची गरज नाही.

मेमरी कार्डच्या जागेत एसडी कार्ड बसवणारा एमएक्सफोरएसआयओ नावाचा अडॅप्टर हल्ली लोक मागवतात. तो दुसऱ्या खाचेत लावायचा असतो. त्याची गती यूएसबीहून फार निराळी नाही, त्यामुळे चित्रफितींसाठी त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. पण बाहेर काही लोंबकळत नाही आणि लहान मुलं येता-जाता पेनड्राइव्हला धक्का मारत नाहीत, हा त्याचा खरा फायदा आहे. सगळी एसडी कार्ड त्यावर चालत नाहीत. ओळखीच्या कुणाचं चालणारं कार्ड कुठल्या कंपनीचं आहे ते विचारून तसंच घ्या.

किती मोठं घ्यायचं? ६४ जीबीमध्ये पूर्ण भरलेल्या डीव्हीडी १३ मावतात, १२८ जीबीमध्ये २७. बरेच खेळ त्याहून लहान असतात. घरातल्या डिस्क मोजा आणि तेवढंच घ्या. अविश्वसनीय स्वस्तात मिळणारा २ टीबीचा पेनड्राइव्ह हा आकड्यापुरताच २ टीबीचा असतो. आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, खऱ्या जागेपलीकडे लिहिलेलं सगळं हवेत जातं. सुरुवातीचे खेळ चालतात आणि नंतर टाकलेले चालत नाहीत, हे त्याचं लक्षण. घरी आणल्या आणल्या विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री चालवून पूर्ण जागा तपासा. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. खोटा निघाला तर पावती हातात असतानाच परत करता येतो.

सगळ्यात महत्त्वाचं कार्ड आठ एमबीचं आहे

लोक शेकडो जीबींची चर्चा करतात आणि ज्या कार्डावर सगळा डोलारा उभा आहे त्याकडे बघतही नाहीत. मशीन सुरू झाल्यावर ओपीएलसारखे प्रोग्राम उघडू देणारं फ्री मॅकबूट मेमरी कार्डावर असतं. ते गेलं की पेनड्राइव्ह कितीही चांगला असो, ओपीएलपर्यंत पोचताच येत नाही.

पहिला नियम: फ्री मॅकबूटच्या कार्डावर खेळांचे सेव्ह ठेवू नका. सेव्हसाठी दुसरं कार्ड ठेवा. दर सेव्हला कार्डावर लिहिलं जातं आणि लिहिताना वीज गेली की कार्डाची फाइल-यादी बिघडू शकते. पहिल्या वळवाच्या सरीला वीज जाणं पुण्याला नवं नाही. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी टीव्हीसोबत पीएस-टूचाही प्लग त्यावर घ्यावा.

दुसरा नियम: चालू कार्ड हातात आहे तोवरच त्याचं जोडीदार कार्ड तयार करा. फाइली कॉपी करून हे होत नाही. सोनीच्या मॅजिकगेट पद्धतीने मुख्य फाइल त्या एका कार्डाशी बांधलेली असते, म्हणून दुसऱ्या कार्डावर इन्स्टॉलर पुन्हा चालवावा लागतो. पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर ठेवा, डब्ल्यूलाँचएल्फ हा पीएस-टूवरच्या फाइली हाताळणारा प्रोग्राम उघडून तो सुरू करा आणि नव्या कार्डावर साधं, 'नॉर्मल' इन्स्टॉल निवडा. सगळ्या मॉडेलांवर चालावं म्हणून असलेला बहु-आवृत्ती पर्याय कार्डाची फाइल-रचना वाकवून काम करतो. तसं कार्ड पुढे त्यातल्या फाइली हाताने पुसताना बिघडतं. तुमच्याकडे एकच मशीन असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

कार्ड कुठलं? सोनीचं मूळ ८ एमबीचं, मागे एससीपीएच-१००२० असा क्रमांक असलेलं, माझ्या मते आजही सगळ्यात भरवशाचं आहे. रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात जुन्या कन्सोलच्या ढिगात ती सापडतात. विकणाऱ्याला ते ओळखू येत नाही, तुम्हाला यायला हवं. "काका, हे प्लेस्टेशनचं छोटं काळं कार्ड किती?" एवढं विचारून उलटून क्रमांक बघा. घरी आणल्यावर संपर्काच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खाचेतही कापसाची काडी फिरवा. पावसाळ्यात एखादा महिना मशीन बंद राहिलं आणि नंतर कार्ड सापडतच नाही अशी तक्रार आली, तर आधी हेच करतो. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. ६४ किंवा १२८ एमबी छापलेली नक्कल कार्ड आकडा मोठा दिसतो म्हणून घेऊ नका. मोठा आकडा, लवकर बिघाड, असा माझा अनुभव आहे.

मशीनच्या मागचा मॉडेल क्रमांक एकदा नीट वाचा. शेवटच्या एससीपीएच-९००००च्या घराण्यातल्या उशिरा बनलेल्या मशीनवर, ज्यांच्यात २.३० आवृत्तीचा बायोस, म्हणजे मशीनमधलं मुळातलं सॉफ्टवेअर, आहे, फ्री मॅकबूट चालतच नाही. तिथे कार्ड बदलत बसणं व्यर्थ. त्यांच्यासाठी ओपनटूना आहे, ते मेमरी कार्डाच्या यादीत गेल्यावर सुरू होतं. लेन्स ठीक असेल तर २०२० साली आलेलं फ्रीडीव्हीडीबूटही आहे, त्याला फक्त एक कोरी डीव्हीडी लागते.

आता आभासी मेमरी कार्डाबद्दल. ओपीएल पेनड्राइव्हवर व्हीएमसी नावाची फाइल ठेवून तिलाच मेमरी कार्ड समजतं. सोयीचं आहे, पण तीही फाइलच. पेनड्राइव्ह उपसला, वीज गेली किंवा फाइल तुकड्यांत पडली की महिन्यांचे सेव्ह एका फटक्यात जातात. वापरत असाल तर आठवड्यातून एकदा ती फाइल संगणकावर उतरवून ठेवा. लहान मुलाचा हंगामभर खेळलेला सेव्ह गेला की त्याला समजावणं फार अवघड असतं.

मग खरा उपाय कोणता

स्लिम असेल, म्हणजे एससीपीएच-७०००० आणि पुढचं, तर त्याच्या मागे नेटवर्कची खाच आहे. तीच त्याची चांगली वाट. खेळ दुसऱ्या संगणकावर ठेवायचे आणि ओपीएल ते केबलवरून मागवतं. ही गती यूएसबीच्या कितीतरी पुढे असते आणि चित्रफितींचं अडखळणं बहुतेक वेळा संपतं. इथे एक गोष्ट जपून करावी लागते. ओपीएलला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या पद्धतीची, पहिली, जुनी आवृत्ती लागते. विंडोज १०ने ती २०१७पासून नव्या इन्स्टॉलमध्ये देणं बंद केलं. त्याच वर्षी वॉनाक्राय नावाचा विषाणू तिच्यातल्याच छिद्रातून पसरला. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर ती उघडून ठेवू नका. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सांबा हे फाइली वाटणारं सॉफ्टवेअर बसवून त्याच्या किमान प्रोटोकॉलला एनटीवन असं लिहिलं की काम होतं, आणि तो पाय फक्त पीएस-टूसाठीच राहतो. घरातला एखादा जुना, इंटरनेटला न जोडलेला लॅपटॉपही चालेल. दोघांना एकाच सरळ केबलने जोडा आणि दोघांना हाताने पत्ते द्या, एकाला १९२.१६८.१.१० आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.२०. राउटरची गरज नाही.

यूएसबीला हार्डडिस्क लावायचा विचार स्लिमवाल्यांनी सोडावा. गती तीच एक एमबी राहते आणि वर वीज कमी पडते. डिस्क फिरायला लागतानाच अडखळते, टक-टक आवाज येतो, ओपीएल लटकतं. बाजारातला हलका अडॅप्टर लावलेला असेल तर ही तक्रार आणखी लवकर येते. ७०००० ते ७७००० मॉडेलांचा मूळ अडॅप्टर ८.५ व्होल्ट, ५.६५ अँपिअरचा आहे. बदली घेताना लेबलवर व्होल्ट तोच आणि अँपिअर त्याहून कमी नाही हे बघा.

जाडा पीएस-टू ज्यांच्याकडे आहे ते नशीबवान. त्याच्या मागे विस्ताराची मोठी खाच आहे. तिथे नेटवर्क अडॅप्टर बसतो आणि त्याला आतून हार्डडिस्क लागते. मूळ अडॅप्टरला जुन्या आयडीई जातीची डिस्क लागते, पण त्यातलं बोर्ड बदलून साटा डिस्क बसवता येते. जुन्या लॅपटॉपमधून निघालेली ३२० किंवा ५०० जीबीची डिस्क इथे पुरेशी आहे. एकदा हे बसवलं की यादी क्षणात येते, चित्रफिती सुरळीत चालतात, पेनड्राइव्हचा विषय संपतो. या सगळ्या वाटांमध्ये हीच माझ्या मते उत्तम, आणि जाडा पीएस-टू स्वस्तात मिळत असेल तर स्लिमवर पेनड्राइव्ह बदलत बसण्यापेक्षा तो घ्यावा.

डिस्क आधी पीएस-टूमध्ये लावून डब्ल्यूलाँचएल्फमधून तिथल्या पद्धतीने फॉरमॅट करायची, आणि खेळ संगणकावरून एचडीएल डंप या साधनाने टाकायचे. त्यासाठी डिस्क संगणकाला जोडली की विंडोजला ती ओळखता येत नाही आणि 'डिस्क इनिशिअलाइज करायची का' अशी खिडकी येते. तिथे 'कॅन्सल' दाबा, घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा. 'ओके' दाबलं तर डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिलं जातं, म्हणजे पीएस-टूची पार्टिशनची यादी जिथून सुरू होते नेमकं तिथेच.